काता, गाता, गातान

जपानी यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य हटकून भेटतं. प्रिंटरमध्ये शाईची डबी बसवायची असो, मोटारीतल्या बाळखुर्चीचा पट्टा लावायचा असो किंवा वायरिंगचा कनेक्टर जोडायचा असो, सूचना तीच: 'काचित्तो आवाज येईपर्यंत दाबा.' काचि हा शब्द तिथे गंभीर तांत्रिक मजकुरात, मिलिमीटर आणि व्होल्ट यांच्या शेजारी, कसलाही संकोच न करता बसलेला असतो. एक लहान टणक वस्तू दुसऱ्या टणक वस्तूत जाऊन पुरती बसली की होतो तो काचि. त्याच्यामागून येणारा तुटका 'त्' सांगतो की आवाज तिथल्या तिथे संपला. घुमला नाही, रेंगाळला नाही.

कनेक्टर जोडणाऱ्या कामगाराला एवढी माहिती पुरते आणि तेवढी हवीच असते. प्लास्टिकची इवलीशी जीभ खाचेपलीकडे जाऊन अडकते, ती त्याला दिसत नाही. त्याचाच हात आणि वायरींचा झुपका आड येतो. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमधूनही वीज जाते, तो तपासणीत पास होतो आणि पुढे रस्त्याच्या हादऱ्यांनी कधीतरी सुटतो. या अर्धवट जोडणीला जपानी कारखान्यांत वेगळं नाव आहे, 'हान्कान्गो'. तिच्यावरचा पहिला पहारेकरी म्हणजे कान. टॉर्क रेंचचंही असंच. ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की रेंच काचि म्हणतो, आणि तिथे हात थांबवायचा. खात्रीसाठी पुन्हा एकदा काचि करायला गेलं की बोल्ट नको तेवढा आवळला जातो.

मी दुभाषी आहे. पुण्यात जपानी शिकले आणि आता चाकणच्या कारखान्यांमधून जपानी तंत्रज्ञ आणि आपले फिटर यांच्यामध्ये उभी राहून बोलते. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, शिक्षकही फार मनापासून शिकवतात. पण वर्गात हे आवाजांचे शब्द उशिरा आले, तेही जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे. आधी क्रियापदांची रूपं, मग आदरार्थी भाषा, मग कांजींचे, म्हणजे चिनी अक्षरांचे, डोंगर. आवाजाचे शब्द म्हणजे बालगीतं आणि चित्रकथा, अशी काहीशी समजूत होऊन बसली होती. कारखान्यात पाऊल टाकलं आणि क्रम उलटा झाला.

जपानहून आलेले एक वयस्क तंत्रज्ञ प्रेसच्या जवळ गेले, हात टेकवला, क्षणभर मान कलती करून उभे राहिले आणि म्हणाले, "कोको नि गाता गा आरु." इथे गाता आहे. गाता म्हणजे मुळात खडखड. पण जपानी यंत्रशाळेत ते चक्क नाम झालं आहे: दोन भागांमध्ये असायला हवा त्यापेक्षा जास्त सैलपणा. तो मोजता येतो, रेखाचित्रावर लिहिता येतो, त्याची मर्यादा ठरवता येते. मी तोंड उघडायच्या आतच आमचा फिटर म्हणाला, "हां मॅडम, सांगा त्यांना, खडखडतंय. बुश गेलंय." त्याला जपानीचा गंध नव्हता. त्याने तोच आवाज ऐकला होता.

त्या कारखान्यातच मला आणखी दोन शब्द मिळाले. यंत्र बारीकसारीक कारणाने थांबलं, सुटा भाग अडकला, सेन्सरवर धूळ बसली, कामगाराने हात लावला आणि ते पुन्हा चालू झालं, तर ते 'चोकोतेई'. चोको म्हणजे 'चोकोत्तो', जरासं, आणि तेई म्हणजे थांबणं. पण यंत्र आडवंच पडलं, तासन्‌तास उत्पादन बंद झालं, तर ते 'दोकातेई'. दोका हा काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आहे. देखभालीच्या तक्त्यांवर, अहवालांमध्ये, बैठकांमध्ये हे शब्द असेच वापरतात. चाकणच्या काही कारखान्यांत आता आपले सुपरवायझरही "आज चोकोतेई फार झाले" असं बोलून जातात. एका अक्षरात थांब्याचं वजन सांगणारा शब्द हाताशी असला की तो सोडवत नाही.

या शब्दांची रचना मला जसजशी कळत गेली तसतशी मी त्यांच्या प्रेमात पडले. 'गाता' हे मूळ धरा. 'गातागाता' म्हटलं की खडखड चालू आहे, थांबत नाही. 'गातान' म्हटलं की एकदाच, पण जड आणि मागे घुमणारं. शेवटचा न हा घुमण्याचा. 'गातात्तो' म्हणजे एकदाच आणि झटक्यात. 'गातारि' म्हणजे एकदा झालं आणि निवांत झालं, वस्तू जागेवर स्थिरावली. मूळ तेच, शेपूट बदललं की काळ बदलतो, जोर बदलतो, आवाजानंतरची शांतताही बदलते. आता ग च्या जागी क ठेवा: 'काताकाता'. यंत्र तेच, पण सुटलेला भाग हलका आहे. वाऱ्याने हलणारी खिडकी काताकाता करते, भूकंपात कपाट गातागाता करतं. 'तोनतोन' हा विळीसुरीचा, दारावरच्या हलक्या थापेचा; 'दोनदोन' हा ढोलाचा. 'कोरोकोरो' गोटी घरंगळते, 'गोरोगोरो' दगड. 'कोतोकोतो' मंद आचेवर भांड्याचं झाकण हलतं, 'गोतोगोतो' त्याच्याहून कितीतरी जड काहीतरी.

जपानी लिपीत हा फरक दोन टिंबांचा आहे. क च्या खांद्यावर दोन टिंबं दिली की ग होतो. टिंबाविना अक्षर ते 'सेइओन', स्वच्छ ध्वनी. टिंबवालं ते 'दाकुओन', गढूळ ध्वनी. 'दाकु'ची कांजी गढूळ पाण्यालाही तीच वापरतात. गढूळ झालं की वस्तू मोठी, जड, खरखरीत वाटू लागते, हा नियम या शब्दांच्या केवढ्या तरी पसाऱ्यात लागू पडतो. २००७ साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या अशा शब्दांच्या कोशात साडेचार हजार शब्द आहेत. त्यांत आवाजाचे, 'गिओन्गो', आहेत तसे ज्यांत आवाज नाहीच, नुसती अवस्था आहे, असे 'गिताइगो'ही आहेत. पण इथे मी यंत्रांपाशी आणि वस्तूंपाशीच थांबते, नाहीतर लेख हातचा जाईल.

आपल्याकडे हे सगळं नाही असं अजिबात नाही. उलट मराठीचा पंखा जपानीपेक्षा रुंद आहे. कडकड, खडखड, गडगड, घडघड हे चारही शब्द आपल्याकडे जिवंत आहेत आणि चारही वेगळे. वीज कडकडते, बैलगाडी खडखडते, ढग गडगडतो, पोरगं पाढे घडघडा म्हणतं. महाप्राण अक्षरं जपानीत नाहीत, त्यामुळे त्यांना दोन पायऱ्या मिळतात तिथे आपल्याला चार मिळतात. त्यांचं 'गातान तो' आणि आपलं 'धाडकन' किंवा 'धाडदिशी' एकाच जातीचं काम करतात. शाळेत आपण ध्वनिदर्शक शब्दांची यादी पाठ केली आहे: पैंजणांची रुणझुण, तलवारींचा खणखणाट, नाण्यांचा छनछनाट, पानांची सळसळ. किती सुंदर यादी! पण त्या यादीत, घड्याळाची टिकटिक सोडली तर, यंत्र जवळजवळ नाही. आपण हे शब्द कवितेला दिले आणि परीक्षेतल्या दोन गुणांना दिले. कारखान्याची नोंदवही मात्र 'ॲबनॉर्मल नॉइज ऑब्झर्व्ह्ड' एवढ्यावर भागवते. कसला आवाज, केवढा, चालू असताना की थांबताना, हलका की गढूळ, काहीच नाही. ज्या फिटरला 'कुईकुई' आणि 'घुर्र' यांतला फरक झोपेतही कळतो, त्याच्या हातून हा फरक कागदावर उतरत नाही, कारण कागदाची भाषा त्याची नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जपानी मोटारचालकांसाठीच्या साध्या माहितीपत्रकातही 'कीकी' म्हणजे ब्रेकचे पॅड झिजले असतील, 'क्युरुक्युरु' म्हणजे पट्टा घसरत असेल, वेगाबरोबर वाढणारा 'गो' म्हणजे चाकाचं बेअरिंग पाहा, असं सरळ लिहिलेलं असतं. चालक गॅरेजला जाऊन तोच शब्द सांगतो आणि मेकॅनिक निम्मी वाट तिथेच चालून येतो.

ज्या आवाजाला नाव असतं तो कानाला सापडतो, असं मला या कामाने शिकवलं. ही गोष्ट किती गंभीर आहे ते कळलं एका बोगद्याच्या निमित्ताने.

जपानमध्ये पूल, बोगदे, इमारतींच्या भिंती तपासताना हातोडीने ठोकून ऐकतात. या पद्धतीला 'दाओन केन्सा' म्हणतात: ठोकून आवाजाची तपासणी. लांब दांड्याची हलकी हातोडी, शिरस्त्राण घातलेला माणूस, आणि हातभर पुढे सरकत ठोकत जाणं. काँक्रीट आतून एकसंध असेल तर आवाज स्वच्छ, उंच, 'कानकान' येतो. आत पापुद्रा सुटला असेल, पोकळी असेल, तर वरचा सुटलेला पातळ थर ठोक्याने स्वतःच थरथरतो, त्याचा सूर खाली जातो, आवाज बसका आणि दबका होतो, 'बोकोबोको'. बोल्ट घट्ट असेल तर हातोडी उसळून परत येते. सैल असेल तर आवाजही मरतो आणि हातोडीही. तपासनीस नोंद करतात तेव्हा शब्द वापरतात सेइओन आणि दाकुओन. स्वच्छ आणि गढूळ. पहिलीतलं पोर 'का' आणि 'गा' शिकताना जे दोन शब्द ऐकतं, तेच दोन शब्द बोगद्याच्या छताला कान लावणारा माणूस फलकावर लिहितो. हे मला समजलं त्या दिवशी मी भारावून गेले होते. व्याकरण आणि काँक्रीट, दोन्हींना एकच कान.

२ डिसेंबर २०१२ च्या सकाळी यामानाशी प्रांतात, चुओ द्रुतगती मार्गावरच्या सासागो बोगद्यात छताच्या काँक्रीटच्या फळ्या शंभर मीटरहून अधिक लांबीवर धडाधड कोसळल्या. नऊ माणसं गेली. बोगद्याच्या माथ्यात गोंदासारख्या रसायनाने रोवलेल्या बोल्टांवर त्या फळ्या टांगलेल्या होत्या. चौकशीत बाहेर आलं की माथ्यावरच्या त्या बोल्टांपर्यंत २००० सालानंतर कुणी जवळून पाहायला आणि ठोकायला पोचलं नव्हतं. माथा फार उंच होता. खालून डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांना बोल्ट जागेवरच दिसत होते. २०१४ पासून जपानने पूल आणि बोगदे दर पाच वर्षांनी हाताच्या अंतरावर जाऊन तपासणं सक्तीचं केलं आणि हातोडी पुन्हा मानाने वर चढली. आता ठोक्याचा आवाज संगणकाला देऊन निवाडा करवायचे प्रयोग जोरात आहेत. व्हायला हवेतच, कारण बोगदे हजारो आहेत आणि जाणते कान म्हातारे होत चालले आहेत. पण त्या संगणकालाही आधी कुणीतरी शिकवावं लागतं की कुठला आवाज स्वच्छ आणि कुठला गढूळ.

ही सवय आजची नाही. इ.स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या जपानच्या जुन्या ग्रंथात इझानागी आणि इझानामी हे देवदांपत्य आकाशातल्या पुलावर उभं राहून रत्नजडित भाल्याने खालचा समुद्र ढवळतं. ढवळताना आवाज होतो 'कोवोरोकोवोरो'. भाला वर घेतल्यावर टोकावरून ठिबकलेलं खारं पाणी साचून पहिलं बेट होतं. भूमी निर्माण होण्याच्या आधी अवजाराचा आवाज नोंदवला आहे! चिनी अक्षरांत लिहिताना लेखकाने हा शब्द अर्थाने न लिहिता ध्वनीने, एकेक अक्षर जुळवून लिहिला. अनुवाद केला तर हरवेल हे त्याला कळत होतं.

क्यूशू बेटावर हिता शहराच्या डोंगरात ओन्ता नावाचं कुंभारांचं खेडं आहे. चूलखंडं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. माती कुटायला तिथे वीज नाही, 'काराउसु' आहे. जाडजूड लाकडाचा ओंडका मधोमध आसावर तोललेला. एका टोकाला कोरलेली पन्हळ, दुसऱ्या टोकाला मुसळ. ओढ्याचं पाणी पन्हळीत भरतं, ते टोक खाली झुकतं, पाणी सांडतं, आणि हलकं झालेलं टोक वर उसळताच मुसळ मातीवर आदळतं. झुकताना 'गी', आदळताना 'गोत्तोन'. ओढ्याकाठाने असे कितीतरी काराउसु, प्रत्येकाची पन्हळ वेगळी, म्हणून प्रत्येकाची लय वेगळी. मी तिथे दिवसभर बसले होते आणि तो आवाज दगडमातीच्या आरपार पायांत येत होता. १९९६ साली जपानच्या पर्यावरण खात्याने जतन करावेत असे देशातले शंभर ध्वनिप्रदेश निवडले, त्यांत ओन्ताचे काराउसु आहेत. सापोरोच्या घड्याळमनोऱ्याची घंटा आहे, मिझुसावा स्थानकात उन्हाळ्यात टांगलेल्या बिडाच्या घंटांची किणकिण आहे, इनामी गावातल्या लाकूडकोरक्यांच्या पटाशीचे ठोके आहेत, योकोहामा बंदरात नववर्षाच्या मध्यरात्री जहाजांनी दिलेले भोंगे आहेत. पक्षी, धबधबे, लाटा यांच्या बरोबरीने माणसाच्या कामाचे आवाज वारसा म्हणून धरले, हे मला त्या यादीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

तरी आवाज जातातच. शब्द मागे राहतात. मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करणं याला जपानीत रोजचं क्रियापद आहे 'चिन सुरु', चिन करणं. जुन्या ओव्हनला यांत्रिक टायमर होता आणि वेळ संपली की छोटी घंटा चिन वाजायची. आजचे ओव्हन पीपी करतात किंवा सूर आळवतात. पण २०१३ च्या सरकारी भाषा-सर्वेक्षणात दहातल्या नऊ जणांनी आपण चिन सुरु म्हणतो असं सांगितलं. खऱ्या घंटेचा चिन कधी न ऐकलेली मुलंही आईला म्हणतात, चिन करून दे. आपल्या फटफटीचं तेच झालं. आजची मोटारसायकल फटफट करत नाही, पण गावाकडे आजोबा अजून फटफटीच म्हणतात. सेतो समुद्रात 'पोनपोन' नावाच्या मासेमारी होड्या होत्या, त्यांच्या जुन्या इंजिनाच्या ठोक्यावरून पडलेलं नाव. इंजिन गेलं, नाव राहिलं.

आगगाडीचं जाणं मला जास्त लागतं. 'गातान गोतोन' हा जपानी आगगाडीचा आवाज. रुळाचा प्रमाण तुकडा पंचवीस मीटरचा, दोन तुकड्यांमध्ये उन्हाळ्यात प्रसरणासाठी फट, आणि त्या फटीवरून चाकांच्या जोड्या एकामागून एक गेल्या की गातान, गोतोन. पण रूळ वितळवून एकमेकांना जोडत नेले की फट राहत नाही. १९६४ साली शिंकान्सेन सुरू झाली ती अशाच लांब जोडलेल्या रुळांवर. होन्शू आणि होक्काइदो यांना समुद्राखालून जोडणारा सेइकान बोगदा १९८८ मध्ये खुला झाला, त्यात एकच सलग रूळ ५२.६ किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरात एकही गातान नाही. प्रवासाला चांगलंच ते, रूळही कमी झिजतात. मात्र जपानी मूल चित्रात आगगाडी काढतं तेव्हा तोंडाने आजही गातान गोतोनच म्हणतं.

तोक्यो-योकोहामा भागातल्या केइक्यू रेल्वेच्या काही गाड्या तर सुटताना गायच्या. जर्मन बनावटीच्या इन्व्हर्टरमधून मोटरला जाणाऱ्या विजेची वारंवारता पायरीपायरीने वाढायची, आणि तिचा आवाज सप्तकाच्या स्वरांवर बसेल असा अभियंत्यांनी तो जुळवला होता. लोक तिला सा-रे-ग-मच्या अर्थाने 'दोरेमिफा' गाडी म्हणत. जुलै २०२१ मध्ये तिचा शेवटचा फेरा झाला तेव्हा रेल्वेने निरोपसमारंभ ठेवला होता आणि लोक मायक्रोफोन घेऊन आले होते.

नवे शब्दही जन्मतात, म्हणून या विषयावर नुसती हळहळ करणं मला पटत नाही. २००१ साली तोक्योच्या स्थानकांवर सुइका हे भाडं भरायचं कार्ड आलं, फाटकावर टेकवलं की 'पि' वाजतं; आज लोक 'पित्तो सुरु' म्हणतात, पि करून आत जातात. बटण दाबण्याच्या 'पोचि'वरून इंटरनेटवर खरेदी करण्याला 'पोचिरु' हे क्रियापद झालं, आणि ते फोनच्या निर्जीव काचेवर बोट टेकवतानाही वापरतात, जिथे काहीच वाजत नाही. रुग्णवाहिकेचा 'पीपो' ९६० आणि ७७० हर्ट्‌झच्या दोन सुरांचा आहे. तो जवळ येताना उंच आणि दूर जाताना खाली कसा उतरतो, हे जपानी मुलं भौतिकशास्त्राच्या आधी तोंडाने शिकतात. विजेवरच्या गाड्या इतक्या मुक्या निघाल्या की पादचाऱ्यांसाठी त्यांना मुद्दाम आवाज द्यावा लागला. २०१८ पासून जपानमध्ये नव्या मॉडेलांना त्याची सक्ती आहे. त्या आवाजाला सर्वांच्या तोंडी बसलेलं एक नाव अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. मी वाट पाहते आहे.

इकडे चाकणला एका कारखान्यात देखभालीच्या वहीत 'आवाज' असा एक रकाना घ्या म्हणून मी बरेच दिवस मागे लागले होते. तो आता आहे. पोरं मराठीत लिहितात: 'कन्व्हेअर, सकाळी कुईकुई, गरम झाल्यावर बंद.' 'कूलंट पंप, घुर्र, कालपेक्षा जास्त.' 'दार बंद होताना खाडकन, आधी टकदिशी व्हायचं.' मी त्याचं जपानी करून तिकडे पाठवते आणि तिकडून नेमके प्रश्न येतात. काही जोड्या सहज जुळल्या: गातागाताला खडखड, क्युरुक्युरुला कुईकुई. अडलं ते 'बिबिरी'वर. पातळ पत्रा किंवा डॅशबोर्ड झणाणतो तीही बिबिरी, आणि लेथवर हत्यार कामावर नीट न टेकता नाचतं तीही बिबिरी. दिवसपाळी म्हणते थरथर लिहा, रात्रपाळी म्हणते चर्रचर्र. दोघांनी आपापली यंत्रं मला ऐकवली. शेवटी दोन्ही शब्द ठेवले: पत्र्याला थरथर, हत्याराला चर्रचर्र. जपानी तंत्रज्ञांना हा भेद मी समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली आणि काताकाना या जपानी लिपीत 'चार्राचार्रा' लिहून घेतलं.